क्रूझ सुटतं तेव्हा

गोव्यात क्रूझ कंट्रोलचं, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवर पाय न ठेवता गाडीचा वेग धरून ठेवणाऱ्या सोयीचं, नाव काढलं की समोरचा माणूस आधी रस्त्याकडे बोट दाखवतो. फोंड्याहून पणजीला जा नाहीतर मडगावला, सलग दोन किलोमीटर एका वेगानं गाडी चालेल तर शपथ. बाणस्तारीचं वळण, बोरीचा पूल, मध्येच रस्त्यावर बसलेली गुरं, मध्येच वाट चुकलेले पर्यटक. अशा ठिकाणी ते बटण बिघडलं तर बिघडू दे, असाच सगळ्यांचा सूर. गाड्यांच्या विजेचं काम बघणाऱ्या आमच्या कुर्टीच्या वायरमननंही तेच विचारलं, "वयनी, गोंयांत क्रूझ कित्याक जाय?" (गोव्यात क्रूझ कशाला हवं?)

त्याला मी सांगितलं की माझं माहेर कणकवलीचं. पत्रादेवीची सीमा ओलांडली की बांदा, झाराप, कुडाळ असा चौपदरी रस्ता लागतो आणि तिथं क्रूझ खरंच कामाला येतं. माझा उजवा घोटा पूर्वी मोडलेला आहे. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय एकाच कोनात धरून बसलं की अर्ध्या तासात तो ठणकायला लागतो. ऐंशीवर क्रूझ लावलं की पाय मोकळा होतो. आईचं वय झालंय, त्यामुळे जाणं-येणं वरचेवर असतं. कारण एवढंच आणि मला ते पुरेसं वाटतं.

पण हा लेख घोट्यासाठी लिहीत नाही. आमची सेडान जुनी आहे, २००९ची, पाच गिअरची, मॅन्युअल. तिचं क्रूझ लहरीपणा करायला लागलं तेव्हा जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं की ही चैनीची वस्तू आहे, सोडून द्या. ते सोडून न दिल्यामुळे जे हाती लागलं ते चैनीचं नव्हतं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की जुन्या गाडीत क्रूझची तक्रार कधीही हलक्यात घेऊ नये. त्याचं कारण क्रूझ चालतं कसं, यातच आहे.

क्रूझ स्वतःहून फारसं काही करत नाही. इंजिनचा कॉम्प्युटर चाकांकडून वेग विचारतो, ठरवलेल्या वेगाशी ताडून बघतो आणि थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, थोडं उघडतो किंवा मिटतो. हे तो अखंड करत राहतो. पण हे करताना त्याला सतत खात्री हवी असते: ब्रेक दाबलेला नाही ना, क्लच दाबलेला नाही ना, वेगाचा आकडा नीट येतोय ना, थ्रॉटल सांगितल्याप्रमाणे हलतंय ना. यातल्या एकाही ठिकाणाहून शंका आली की क्रूझ हात काढून घेतं आणि गाडी माणसाच्या हवाली करतं. तसंच त्यानं वागायला हवं. शंका असताना वेग धरून ठेवणारं क्रूझ कुणालाच नको. म्हणून एखादा सुटा भाग थोडासा जरी कुरकुरायला लागला, तरी बाकीची गाडी व्यवस्थित चालत असते आणि क्रूझ मात्र पहिल्यांदा सुटतं. गाडी म्हातारी व्हायला लागल्याची सगळ्यात आधीची खबर तिथून मिळते.

आमच्या गाडीत ते सुटायचं असं: बांद्याच्या पुढं ऐंशीवर लावलेलं असायचं, सगळं छान, आणि एकाएकी गाडी पुढून कुणी धरल्यासारखी मंद व्हायची. डॅशबोर्डवरचा 'सेट'चा दिवा गेलेला, 'क्रूझ'चा दिवा मात्र तसाच. रिझ्यूमचं बटण दाबलं की पुन्हा धरायचं. कधी कणकवलीपर्यंत काहीच नाही, कधी एका पुलावर सुटलं की पुढच्या पुलावर पुन्हा.

हे माझ्या आधी आईला कळायचं. तिला गाडी लागते, म्हणून ती पुढच्या सीटवर डोळे मिटून बसते. क्रूझ सुटलं की माझी नजर दिव्याकडे जायच्या आत ती विचारायची, "पाय काढलंस काय गो?" माझा पाय तर मुळात पेडलवर नसायचाच.

आईच्या त्या प्रश्नामुळे मला राल्फ टीटर यांची आठवण यायची. क्रूझ कंट्रोल ज्यांच्या नावावर आहे ते हे अमेरिकन इंजिनियर. इंडियाना राज्यातले, जन्म १८९०चा, आणि पाच वर्षांचे असताना अपघातात दृष्टी गेलेले. पुढं ते इंजिनियर झाले, पिस्टन रिंग बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख झाले, अमेरिकेतल्या मोटार इंजिनियरांच्या संस्थेचे अध्यक्षही झाले. त्यांचे वकील त्यांना गाडीतून न्यायचे. त्या गृहस्थांना बोलताना अ‍ॅक्सिलरेटर सोडायची आणि ऐकताना दाबायची सवय होती, असं सांगतात. शेजारी बसलेल्या टीटरना तो प्रत्येक हिसका अंगात जाणवायचा. त्यातून त्यांनी वेग धरून ठेवणारं उपकरण बनवलं. १९५० साली पेटंट मिळालं आणि १९५८च्या क्रायस्लर गाड्यांत ते पहिल्यांदा बसलं. स्वतः कधीच गाडी न चालवू शकणाऱ्या माणसानं ही गोष्ट जगाला दिली, याचं मला फार अप्रूप आहे. वेग किती आहे हे काट्यावर दिसतं, पण तो सारखा आहे की नाही हे अंगाला कळतं. आईला ते कळत होतं, म्हणून मी तिचा शब्द खरा मानला.

पहिल्यांदा गाडी नेली ती एका मोठ्या वर्कशॉपमध्ये. त्यांनी गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावला. बिघाड सांगणारा एकही कोड आला नाही. "काहीच प्रॉब्लेम नाही मॅडम," असं सांगून झाल्यावर त्यांनीच स्टिअरिंगवरची बटणं आणि आतली गुंडाळलेली पट्टी, जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती बदलायचं कोटेशन दिलं. दोष नाही म्हणायचं आणि तरी हजारोंचे भाग बदलायचे, हा हिशेब मला पटला नाही. मी गाडी घेऊन घरी आले.

मग मी फोनमध्ये टिपणं ठेवायला सुरुवात केली. क्रूझ सुटलं की पुढच्या थांब्यावर लिहायचं: कुठं, वळणावर की सरळ, चढ की उतार, कोरडं की ओलं, कोणता दिवा गेला. 'कधी कधी होतं' ही तक्रार घेऊन कुठल्याही मेकॅनिककडे गेलं की तो हतबल होतो, कारण त्याच्यासमोर ते कधीच होत नाही. 'कधी कधी'ला आपणच आकार द्यावा लागतो.

टिपणांवरून बऱ्याच गोष्टी बाद झाल्या. क्लॉक स्प्रिंग खराब असती तर स्टिअरिंग वळवताना क्रूझ सुटलं असतं, हॉर्न मध्येच मुका झाला असता, बहुधा एअरबॅगचा दिवाही लागला असता. यातलं काही नव्हतं. (तो भाग एअरबॅगच्या मागं असतो. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन तिथं कुणी हात घालू नये, बॅटरी काढून जाणकारानंच ते काम करावं.) चाकाचा सेन्सर गडबडला असता तर एबीएसचा (ब्रेक मारताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा किंवा स्पीडोमीटरचा काटा काहीतरी बोलला असता. तेही नाही. फ्यूज किंवा अर्थिंगचा घोटाळा असता तर 'क्रूझ'चा मुख्य दिवाही विझला असता. तो जळत राहायचा, फक्त 'सेट' जायचा. म्हणजे यंत्रणेला स्वतःत बिघाड वाटत नव्हता. तिला वाटत होतं की कुणीतरी तिला रीतसर सोडायला सांगितलंय. रीतसर सोडायच्या वाटा तीनच: कॅन्सलचं बटण, क्लच आणि ब्रेक. आणि सुटायची जागा बहुतेक वेळा पुलाचा सांधा किंवा डांबर-काँक्रीट जिथं मिळतं तो खटका.

दुवा मिळाला तो माझ्या धाकट्या भावाकडून. एकदा तो त्याच्या गाडीनं कणकवलीपासून माझ्या मागं मागं येत होता. झारापला चहाला थांबलो तेव्हा वैतागून म्हणाला, "ताई, तू सारखी ब्रेक का मारतेस? प्रत्येक पुलावर तुझे लाल दिवे पेटतात." मी ब्रेकला पायही लावला नव्हता.

घरी पोचले तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. गाडी अंगणात मागच्या अंगानं कंपाउंडच्या भिंतीला लावली, इग्निशन चालू केलं आणि पुतण्याला भिंतीकडे बघत उभा केला. मी खाली वाकून ब्रेकच्या पेडलचा दांडा हातानं हलकेच थोपटला, दाबला नाही, नुसता थोपटला. "काकू, पेटला. गेला. पुन्हा पेटला." चिऱ्याच्या भिंतीवर लाल उजेड थरथरत होता.

ही टिपणं आणि भिंतीची गोष्ट ऐकल्यावर वायरमनचा सूर बदलला. क्रूझबद्दल त्याला फारसं वाटत नव्हतं, पण ब्रेकलाइट म्हटल्यावर तो लगेच उठला. स्कॅनर जोडून तो शेजारी बसला आणि मी गाडी बोरीच्या दिशेनं घेतली. कोड बघायचेच नव्हते. त्यानं चालू माहितीच्या पडद्यावर ब्रेकच्या स्विचची ओळ उघडून ठेवली. रस्त्याच्या प्रत्येक खटक्याला तिथं क्षणभर 'ऑन' उमटत होतं आणि माझा पाय ब्रेकच्या जवळही नव्हता. त्या ओळीकडे बघून तो इतकंच म्हणाला, "मेळ्ळें." सापडलं.

ब्रेकच्या पेडलच्या वरच्या बाजूला एका पट्टीवर बोटाच्या पेराएवढा स्विच असतो. त्याची एक बारीक दांडी बाहेर आलेली असते. पेडल मोकळं असतं तेव्हा पेडलचा दांडा ती आत दाबून धरतो, पाय दिला की दांडी बाहेर येते. आत दोन संपर्क असतात. एक जुळला की ब्रेकलाइट पेटतात, दुसरा सुटला की कॉम्प्युटरला कळतं आणि क्रूझ सोडतं. पेडलच्या दांड्याला जिथं ही दांडी टेकते तिथं एक भोक असतं आणि त्या भोकात प्लॅस्टिकचं छोटं बूच बसवलेलं असतं. स्टॉपर म्हणतात त्याला. स्विचची दांडी त्या बुचावर टेकते.

वायरमननं मोबाइलचा टॉर्च दाताखाली धरून, उताणं होऊन डॅशबोर्डच्या खाली डोकं घातलं आणि मला मॅट उचलायला सांगितलं. मॅटच्या कडेला निळसर रंगाची चुरी पडली होती, खडीसाखरेच्या कण्यांसारखी. एक कण मी चिमटीत घेतला तर त्याचं पीठ झालं. आमच्या गाडीचं बूच वर्षानुवर्षांच्या उन्हानं आणि इंजिनच्या उष्णतेनं कडक होऊन फुटलं होतं. भोकाच्या कडेला अर्धी चकती तेवढी अडकून होती. स्विचची दांडी त्या अर्ध्या चकतीच्या काठावर कशीबशी टेकलेली. गाडीला हादरा बसला की ती काठावरून घसरायची, क्षणभर भोकात जायची, पुन्हा वर यायची. तेवढा क्षण क्रूझला पुरत होता.

आता कोड का आला नाही ते बघा. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं काही चुकलंच नव्हतं. स्विच उत्तम होता, दोन्ही संपर्क एकमेकांशी जुळत होते, तारा शाबूत होत्या. ब्रेक दाबल्याची खबर आली, त्यानं क्रूझ सोडलं. पेडल माणसाच्या पायानं हललं की फुटक्या बुचामुळे स्विच सुटला, हे ओळखायला त्याच्याजवळ साधनच नाही. स्कॅनर खोटं बोलला नव्हता. त्याला जे विचारलं गेलं, तेवढंच त्यानं सांगितलं. 'कोड आहे का' असं विचारण्याऐवजी 'या घडीला तुला काय दिसतंय' असं विचारायला हवं होतं. आणि तो प्रश्न गाडी उभी करून नव्हे, रस्त्यावर चालवत विचारायला हवा होता. भारतात गाड्यांना ही निदानाची सोय २०१०पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीची झाली. तेव्हापासून आपल्याकडे स्कॅनरचा शब्द अखेरचा मानायची सवय लागत चालली आहे. जाणते वायरमन तसं मानत नाहीत. ते यंत्राची ओळ वाचतात आणि मग उताणे होऊन आत डोकं घालतात.

ते उरलेलं अर्धं बूच पडलं असतं तर काय, हा विचार करून मला आजही कसंसंच होतं. दांडी भोकातून पार गेली असती आणि ब्रेकलाइट कायमचे पेटून राहिले असते. मागून येणाऱ्याला मी खरोखर ब्रेक कधी मारते हे कळायला मार्गच उरला नसता. पावसाच्या रात्री, मागं खडीचा डंपर असताना. बाहेर उभं राहून बघितल्याशिवाय चालवणाऱ्याला स्वतःचे ब्रेकलाइट कधीच दिसत नाहीत. आम्हाला ते दिसले क्रूझमुळे. नवं बूच इतकं स्वस्त निघालं की दुकानदारानं त्याचं वेगळं बिलही केलं नाही.

एवढ्याशा स्विचचं महत्त्व किती, याचं मोठं उदाहरण फोर्डचं आहे. ब्रेक दाबल्यावर क्रूझ सोडवणारा त्यांचा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालायचा. आतला पडदा झिरपला की ऑइल विजेच्या भागापर्यंत पोचायचं, तिथं गंज चढायचा आणि उभ्या गाडीलाही आग लागू शकायची. १९९९पासून दहा वर्षांत त्यांना अमेरिकेत दीड कोटीच्या घरात गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

आमचा दोष सुटण्याचा होता. दुसरी तऱ्हा असते ती हेलकाव्याची. ऐंशी लावलं की गाडी पंच्याऐंशीला जाते, मग शहात्तरवर येते, पुन्हा वर. हा यंत्रांचा फार जुना आजार आहे. जेम्स वॉटनं १७८८च्या सुमाराला वाफेच्या इंजिनावर फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक बसवला, आणि पुढं असे नियंत्रक लावलेली इंजिनं काही वेळा अशीच झोके खाताना दिसू लागली. त्याचं गणित मांडायला १८६८ साल उजाडावं लागलं, आणि ते मांडलं खुद्द जेम्स क्लार्क मॅक्सवेलनं. उपाय उशिरा पोचला किंवा गरजेपेक्षा जास्त झाला की दुरुस्तीच नवा बिघाड घडवते, हे त्याचं सार. गाडीत हा उशीर साध्या गोष्टींतून येतो: काजळी धरून चिकट झालेलं थ्रॉटल, किंवा जुन्या पद्धतीच्या गाडीत सैल पडलेली केबल. गॅरेजात थ्रॉटल बॉडी साफ करून घेतली की बऱ्याचदा हेलकावे थांबतात. कॉम्प्युटर बदलायच्या आधी हे करून बघावं.

त्याहून जुन्या गाड्यांत थ्रॉटल ओढायला इंजिनच्या व्हॅक्यूमवर, म्हणजे हवा ओढून घेण्याच्या जोरावर, चालणारा रबरी पडद्याचा डबा असतो. त्याची नळी कुठं तडकली, किंवा हवा एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह थकला, की सपाटीवर क्रूझ ठीक चालतं आणि चढावर हार मानतं. कारण चढावर थ्रॉटल उघडं असतं आणि नेमकं तेव्हाच इंजिनातलं व्हॅक्यूम कमी होतं. अशी गाडी करमळ घाटाच्या आसपास नेली तर निदान लगेच होईल, पण घाटात क्रूझ लावू नये हे वेगळं सांगायला नको. अजून एक: काही जुन्या गाड्यांत क्रूझची यंत्रणा ब्रेकलाइटच्या बल्बच्या तारेतून अर्थिंग चाचपते. तिथं हौसेनं एलईडी बसवले की क्रूझ धरतच नाही, आणि माणूस महिनोन्महिने भलतीकडेच शोधत राहतो.

गोव्यातल्या हवेचाही यात वाटा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वर्षभर खारं वारं. कनेक्टरच्या आत तांब्याला हिरवा कळंक चढतो, दिसतो तो प्लग उघडल्यावरच. चाकापाशी लाल माती घट्ट बसते, सेन्सरसमोरची दातेरी रिंग गंजून फुगते आणि वेगाचा आकडा अडखळायला लागतो. फणसाखाली गाडी उभी करणाऱ्यांना उंदरांबद्दल मी काय सांगणार? पावसाळ्यात बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते आणि तारांचं आवरणही.

आमच्या क्लचच्या पेडललाही तसलंच बूच होतं, त्याच वयाचं. वायरमननं नखानं दाबून बघितलं तर काठ झडला, म्हणून तेही त्याच वेळी बदलून घेतलं. आता ऐंशीवर लावलेलं क्रूझ पुलांच्या सांध्यांवरही सुटत नाही. आई वाटेत झोपते. शेजारच्या सरांकडे आमच्याच मॉडेलची गाडी आहे, तिची मॅट उचलून बघा म्हणून त्यांच्या मागं लागले आहे.

सध्या पावसाळा असल्यामुळे क्रूझ बंदच ठेवते. पाणी साचलेल्या रस्त्यावर टायर तरंगला तर तो वेग सावरण्याचं काम पायाचंच आहे. गाडी वर घेतली होती तेव्हा पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा प्लग वायरमनला हिरवा दिसला होता. अजून त्याची काही तक्रार नाही, एबीएसचा दिवाही लागलेला नाही. ते काम दसऱ्यानंतर काढलंय.